तीन ड्रायव्हर, एक आवराआवर: रिमूव्हमधला सामाईक कोड कुठे कापायचा

प्रश्न मिरजेच्या एका मुलाचा आहे. वालचंदमधून बाहेर पडून तीन वर्षं झाली, सध्या पुण्यात स्टोरेजचं काम करतो. आधी शब्द: रिमूव्ह म्हणजे डिव्हाइस काढताना आणि शटडाउन म्हणजे मशीन बंद होताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते; एसओसी म्हणजे प्रोसेसर आणि कंट्रोलर एकत्र असलेली चिप. त्याने लिहिलंय ते असं:

"सर, आमच्याकडे लिनक्सचे तीन ड्रायव्हर आहेत. कंट्रोलर एकाच घराण्यातले, पण एक पीसीआय कार्डावर, एक एसओसीच्या पोटात आणि तिसरा त्याच एसओसीच्या जुन्या आवृत्तीत. तिन्हींच्या रिमूव्हमध्ये साठेक ओळी शब्दशः सारख्या होत्या. त्या उचलून मी एका सामाईक फंक्शनात टाकल्या आणि रिमूव्ह, शटडाउन दोन्हीकडून तेच बोलावलं. आता चालू मशीनमधून कार्ड उपसलं की सगळं अडकतं, आणि एसओसीच्या बोर्डावर रीबूट करताना अधूनमधून क्रॅश येतो. सीनियर म्हणतात, होतं तसं परत कर. करू का?"

परत करू नकोस. साठ ओळी तीन ठिकाणी ठेवल्यास तर एका ठिकाणचा बग दुरुस्त होईल आणि उरलेल्या दोन ठिकाणी तसाच पडून राहील. सोळा-सतरा वर्षं हेच बघत आलोय. सामाईक करायचा तुझा विचार बरोबर होता, कापलंस चुकीच्या जागी. ओळी सारख्या दिसतात म्हणजे त्यांचं काम सारखं असतंच असं नाही. "इंटरप्ट बंद कर, टायमर मार, डिस्क काढ, मेमरी सोड" हे तिन्हीकडे लिहिलेलं असतं, पण इंटरप्ट मागितला कुणी, घड्याळ (क्लॉक) चालू केलं कुणी आणि ती मेमरी अजून कोण वापरतंय, याची उत्तरं तिन्हीकडे वेगळी निघतात.

आधी कार्ड उपसल्यावरचं अडकणं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

तू जोडलेल्या लॉगमध्ये "१२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकला" ही कर्नलची नेहमीची तक्रार आहे आणि तिच्याखाली दोन स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं त्याच्या याद्या) आहेत. पहिला तुझ्या सामाईक फंक्शनातून निघून डेल-जेनडिस्कमध्ये, म्हणजे डिस्क काढून टाकणाऱ्या कर्नलच्या फंक्शनात, थांबलाय. दुसरा ब्लॉक थराच्या (डिस्कच्या रिक्वेस्ट हाताळणारा थर) टाइमआउटमधून येऊन तुझ्याच म्यूटेक्सवर (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) थांबलाय. आता जोडून बघ. सामाईक फंक्शन आत शिरताना म्यूटेक्स घेतं आणि पहिलं काम म्हणून डिस्क काढायला जातं. डेल-जेनडिस्क बिचारं प्रामाणिक आहे. ते आधी उरलासुरला डेटा लिहून काढायला बघतं आणि मग वाटेतल्या रिक्वेस्ट परत येईपर्यंत थांबतं. कार्ड तर टेबलावर पडलंय, रिक्वेस्ट परत येणार कुठून? तीस सेकंदांनी टाइमआउट हँडलर उठतो, कंट्रोलर रीसेट करायला निघतो आणि त्यासाठी तोच म्यूटेक्स मागतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

म्यूटेक्स काढून टाकलास तर ही गाठ सुटेल, पण दुखणं राहीलच. मग दर रिक्वेस्टमागे टाइमआउटची वाट बघत मशीन काही मिनिटांनी सुटेल, आणि तुला वाटेल जमलं.

डिग्रजला आमच्या चुलत्यांची नदीवर दहा एचपीची मोटार होती. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की काठावरच्या सगळ्यांची मोटारी काढायची घाई सुरू व्हायची. नेहमीचा क्रम ठरलेला: स्टार्टर बंद, फ्यूज काढ, केबल सोड, नटबोल्ट ढिले कर, मग चेनब्लॉकने मोटार वर. एका वर्षी उशीर झाला आणि आम्ही पोचेपर्यंत स्टार्टरची पेटी अर्धी पाण्यात. मी सवयीने तिकडे निघालो तर चुलत्यांनी कॉलर धरून मागे ओढलं. "आधी डीपीवर जा," म्हणाले. तिथून सप्लाय तोडल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. कामं तीच, माणसं तीच, पण मोटार पाण्याबाहेर असताना जे सगळ्यात आधी करायचं, ते पाण्यात गेल्यावर आधी केलं तर माणूस जातो.

कर्नलमधल्या एनव्हीएमईच्या (एसएसडीशी बोलायची पद्धत) पीसीआय ड्रायव्हरचं रिमूव्ह उघडून वाच, हाच प्रकार दिसेल. कंट्रोलर "काढला जातोय" या अवस्थेत टाकला की लगेच तो विचारतो, डिव्हाइस जागेवर आहे का? पीसीआयवर गेलेल्या डिव्हाइसचं रजिस्टर वाचलं की सगळे बिट एक येतात, त्यावरून हे कळतं. डिव्हाइस असेल तर आधी नेमस्पेस (म्हणजे वर दिसणाऱ्या डिस्क) काढायच्या, कारण डिस्क जिवंत असताना उरलेला डेटा लिहून होतो, आणि त्यानंतर कंट्रोलर बंद करायचा. डिव्हाइस नसेल तर उलट: कंट्रोलर "मेला" म्हणून जाहीर करायचा आणि तो आधी बंद करायचा, म्हणजे अडकलेल्या रिक्वेस्ट चूक घेऊन परत येतात आणि नंतर नेमस्पेस काढताना कुणी ताटकळत नाही. बंद करणारं फंक्शन एकच आहे. एका परिस्थितीत ते नेमस्पेस काढल्यावर येतं, दुसरीत त्याआधीच बोलावलं जातं.

म्हणून माझं म्हणणं: पायऱ्या सामाईक कर, क्रम सामाईक करू नकोस. तू क्रमासकट साठ ओळी उचलल्यास. एसओसीच्या पोटातला कंट्रोलर कुणी उपसून नेऊ शकत नाही, त्यामुळे तिथे हा क्रम वर्षानुवर्षं निभावून गेला. तोच कार्डाला लावला आणि तोंडघशी पडलास. जुन्या पीसीआय ड्रायव्हरमध्ये क्रम वेगळा होता का, तुझ्या गिटमध्ये जाऊन बघ. माझी पैज आहे, होता. "किरकोळ फरक" म्हणून सारखा करताना तो पुसला गेला असणार.

आता रीबूटचा क्रॅश. इथे चूक साधी आहे, जवळपास सगळे एकदा करतात. रिमूव्ह आणि शटडाउन ही दोन वेगळी कामं आहेत. रिमूव्ह म्हणजे घर सोडून जाणं: सामान काढायचं, किल्ली द्यायची. शटडाउन म्हणजे रात्री दिवे मालवून दार लावणं. शटडाउनला ड्रायव्हर डिव्हाइसला बांधलेलाच राहतो, इंटरप्टची नोंद तशीच असते, वरची ब्लॉक डिव्हाइसही जागच्या जागी असते. तू तिथे मेमरी सोडून दिलीस. त्यानंतर एखादी उशिरा आलेली रिक्वेस्ट किंवा इंटरप्ट तिकडे गेला की संपलं. "अधूनमधून" येतो तो याचमुळे, सगळं वेळेवर अवलंबून.

शटडाउनमध्ये एवढंच हवं: नवीन काम घेणं बंद, डिस्कची कॅश फ्लश, कंट्रोलरचं डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत लिहिणं-वाचणं) आणि इंटरप्ट थांबवणं. काहीही फ्री करायचं नाही, मशीन बंदच होणार आहे. मात्र डीएमए थांबवायला विसरलास तर केएक्झेकने (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करायची सोय) दुसरा कर्नल चढताना जुना कंट्रोलर त्याच्या मेमरीत लिहीत बसतो, आणि मग क्रॅश भलत्याच ड्रायव्हरच्या नावाने दिसतो.

एसओसीबद्दल आणखी एक. पीसीआयवरून निघून गेलेल्या डिव्हाइसचं रजिस्टर वाचलं तर निदान काहीतरी आकडा मिळतो. एसओसीवर क्लॉक बंद झाल्यावर रजिस्टरला हात लावलास तर कित्येक चिपवर बसच अडकते किंवा एआरएमचा अबॉर्ट येतो. तुझ्या सामाईक फंक्शनात शेवटी "इंटरप्ट मास्क कर" म्हणून रजिस्टर लिहिणं आहे. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर ते फंक्शन बोलवायच्या आधी क्लॉक बंद करतो का, तपास.

मग नेमकं काय सामाईक करायचं? माझी कसोटी एकच: आवरायचा कोड सामाईक करण्याआधी मांडायचा कोड सामाईक असला पाहिजे. सामाईक फाइलने जे उघडलं तेच सामाईक फाइलने बंद करावं. प्रत्येक ड्रायव्हर प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर मांडामांड करणारं फंक्शन) आपापलं टॅगसेट (रिक्वेस्टना क्रमांक देणारा संच) आपल्या पद्धतीने बनवणार आणि पाडणारं फंक्शन मात्र एक, असं केलंस की त्या फंक्शनला प्रत्येकाची पद्धत माहीत असावी लागते. मग त्यात "पीसीआय असेल तर", "जुनी आवृत्ती असेल तर" अशा फांद्या फुटतात. सामाईक फंक्शनाला दुसरा हो-नाहीचा आर्ग्युमेंट द्यावासा वाटला की हात थांबव. कर्नलवाले ज्याला मिडलेअरची चूक म्हणतात ती इथूनच सुरू होते: मधला थर सगळं आपल्या ताब्यात घेतो आणि खालच्या ड्रायव्हरला फक्त छिद्रांतून बोलू देतो.

एनव्हीएमईमध्येच याचं चांगलं उदाहरण आहे. आरडीएमए (दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट वाचणं-लिहिणं) आणि टीसीपी ही नेटवर्कवरून जाणारी दोन ट्रान्सपोर्ट. टीसीपीवाला ड्रायव्हर २०१९ साली आला आणि त्याचा बराच सांगाडा आरडीएमएसारखाच होता. क्यू पाडायचा कोड दोन्हीकडे जुळ्या भावांसारखा. २०२१ मध्ये वाटेतल्या रिक्वेस्ट रद्द करायचे छोटे हेल्पर कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या ट्रान्सपोर्टच्या सामाईक भागात, गेले. पुढे २०२२ मध्ये टॅगसेट बनवायची आणि सोडायची फंक्शनं कोअरमध्ये आली, आणि आली ती जोडीने. नुसतं सोडायचं फंक्शन उचललं असतं तर तुझ्यासारखीच गत झाली असती. सॉकेट बंद करणं, आरडीएमएच्या क्यूपेअर (पाठवायच्या-घ्यायच्या रांगांच्या जोड्या) मोडणं हे मात्र ज्याचं त्याच्याकडेच राहिलं.

तुझ्यासाठी असे तीन-चार छोटे तुकडे पुरतील: नवीन रिक्वेस्ट थांबवणारा, वाटेतल्या रद्द करणारा, टॅगसेट आणि डिस्क सोडणारा, आणि हवं तर टायमर-वर्कक्यूचा एक. प्रत्येक ड्रायव्हरचं रिमूव्ह मग दहा-बारा ओळींचं राहील आणि क्रम डोळ्यांनी वाचता येईल. त्या दहा-बारा ओळी तिन्हीकडे थोड्या सारख्या दिसल्या तरी दिसू देत. तेवढी पुनरुक्ती मला आवडते.

टायमरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुझ्या कोडमध्ये टायमर वर्क (मागाहून करायचं काम) रांगेत लावतो आणि ते वर्क संपताना पुन्हा टायमर लावतं. वर्क आधी रद्द केलंस तर टायमर वाजून ते परत रांगेत येतं. टायमर आधी मारलास तर चालू असलेलं वर्क जाता जाता टायमर परत चालू करतं. दोन्ही दोनदा मारायचे किंवा मध्ये एक झेंडा ठेवायचा, अशा खटपटी लोकांनी खूप केल्या. कर्नल ६.२ पासून टायमर कायमचा निवृत्त करणारं शटडाउन-सिंक आहे. त्यानंतर कुणी टायमर लावायला गेलं तरी तो मुकाट्याने नकार देतो. आधी ते, मग वर्क रद्द. पण ही जोडी नीट आरंभ केलेली असली पाहिजे. प्रोब अर्ध्यात पडला आणि आरंभ न केलेलं वर्क रद्द करायला गेलास तर कर्नल लांबलचक वॉर्निंग छापतो. रिकामा पॉइंटर फ्री करणं चालतं म्हणून सगळंच रिकामं चालेल असं समजू नकोस. प्रोबच्या चुकीच्या वाटेवरून सरळ रिमूव्ह बोलावणारे याच खड्ड्यात पडतात.

तू विचारशील, डेव्हएम (मागितलेल्या वस्तू आपोआप सोडणारी कर्नलची सोय) वापरलं तर हे सगळं आपोआप होणार नाही का? काही होईल. डेव्हएमचा जन्मच मुळी स्टोरेज ड्रायव्हरच्या आवराआवरीतून झालाय. तेजुन हिओ हा कर्नल डेव्हलपर लिबएटीएवर (एटीए डिस्कच्या ड्रायव्हरांची सामाईक लायब्ररी) काम करत होता. साध्या पीसीआय आयडीई कंट्रोलरलाही नेटिव्ह मोडमध्ये पाच बार (डिव्हाइसच्या पत्त्यांचे पट्टे) लागतात, ते सगळे मॅप करा, सांभाळा आणि न चुकता सोडा. रिमूव्ह आणि प्रोबच्या चुकीच्या वाटांमध्ये बग भरपूर, कारण त्या वाटेने रोज कुणी जात नाही. त्यातून २००७ मध्ये २.६.२१ कर्नलात डिव्हाइसला बांधलेली रिसोर्स व्यवस्था आली. मागितलेल्या वस्तू डिव्हाइस सुटताना उलट क्रमाने आपोआप सोडल्या जातात. सामाईक आवराआवरीचा याहून यशस्वी नमुना मला माहीत नाही. तिथेही तत्त्व तेच: मागतानाच सोडायची सोय लागते.

पण दोन गोष्टी लक्षात ठेव. डेव्हएमचं आवरणं रिमूव्ह संपल्यावर सुरू होतं. आणि अर्धं डेव्हएम, अर्धं हाताने असं केलंस तर क्रम तुझ्या नकळत बदलतो. माझं तोंड यात एकदा चांगलं पोळलंय. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. इंटरप्ट डेव्हएमने मागितलेला, पण प्रायव्हेट स्ट्रक्चर मी रिमूव्हमध्ये हाताने फ्री करत होतो. माझ्या मशीनवर महिनाभर काही नाही. गिऱ्हाइकाकडे मॉड्यूल काढलं की कधी पॅनिक, कधी नाही. तीन दिवसांनी त्यांच्याच ऑपरेटरने सांगितलं, "साहेब, माऊस हलवला की मरतंय." मी हसलो होतो. पण माणूस बरोबर होता. कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर एकाच इंटरप्ट लाइनवर होते. माऊस हलला की यूएसबीचा इंटरप्ट, त्या लाइनवरचे सगळे हँडलर बोलावले जाणार, आणि माझा हँडलर फ्री झालेल्या स्ट्रक्चरमध्ये डोकावणार. शेअर्ड इंटरप्ट सोडताना हँडलर मुद्दाम एकदा जास्त बोलावणारा डीबग पर्याय कर्नलमध्ये आहे, डीबग-एसएचआयआरक्यू. तो लावला असता तर पहिल्याच दिवशी माझ्याच टेबलावर सापडलं असतं. तू आजच लाव.

आणखी एक प्रकार डेव्हएमलाही सुटत नाही. कुणीतरी तुझ्या डिव्हाइसची फाइल उघडून बसलंय आणि तू रिमूव्हमध्ये स्ट्रक्चर फ्री केलंस. तो माणूस फाइल बंद करील तेव्हा क्रॅश. अशा गोष्टी रेफरन्स काउंट (अजून किती जण वापरताहेत तो आकडा) शून्य झाल्यावर येणाऱ्या रिलीज कॉलबॅकमध्येच सोडायच्या. डेव्हएमने घेतलेली मेमरी इथे धोक्याचीच, कारण ती ड्रायव्हर सुटला की जाते, फाइल उघडी असो वा नसो. एनव्हीएमईमध्ये कोअर रेफरन्स मोजतं आणि शेवटी ट्रान्सपोर्टने दिलेलं फ्री-कंट्रोलर बोलावतं. तुझ्या सामाईक फाइलमध्ये कॉलबॅक द्यायचाच असेल तर हा एक दे. आणि डिव्हाइस-रजिस्टर (कर्नलकडे डिव्हाइसची नोंद करणं) फसलं तरी पुट-डिव्हाइस (आपला रेफरन्स सोडणं) करायचं, थेट केफ्री (मेमरी सोडणं) नाही.

२०२३ पासून ६.५ मध्ये स्कोप संपला की आपोआप सोडणारे मॅक्रो आलेत, ते प्रोबमधल्या तात्पुरत्या वस्तूंसाठी छान आहेत. डिव्हाइस असेपर्यंत जगणाऱ्या वस्तूंना त्यांचा उपयोग नाही.

तुझं सामाईक फंक्शन चूक परत करतं आणि ती आली की एसओसीचं रिमूव्ह मध्येच बाहेर पडतं, ते आधी काढ. आवरताना चूक आली तरी पुढचं आवरायचंच असतं, कारण डिव्हाइस जाणार हे ठरलेलं आहे. रिमूव्हने चूक परत केली तरी प्लॅटफॉर्म बस ती ऐकत नव्हतीच. म्हणून तर आता ते कॉलबॅक व्हॉइड (काहीच परत न करणारं) केलंय. तुझंही व्हॉइड कर.

पॅच कसे पाडशील? पहिल्या पॅचमध्ये एकही ओळ हलवू नकोस, फक्त बग दुरुस्त कर: शटडाउन वेगळं, कार्डाच्या रिमूव्हमध्ये डिव्हाइस आहे का ते विचारणं, म्यूटेक्स. दुसऱ्यात प्रोबमधलं मांडणं सामाईक कर. त्यानंतर एकेक तुकडा, एका पॅचमध्ये एकच, तिन्ही ड्रायव्हरसकट. उद्या काही बिघडलं तर बायसेक्ट (कुठल्या पॅचने बिघडवलं ते शोधणारी गिटची सोय) नेमक्या ओळीवर नेऊन सोडेल. आता तुझा एकच पॅच चारशे ओळींचा आहे. सीनियर "परत कर" म्हणतात त्याचं अर्धं कारण ते असावं.

तपासायला रिमूव्ह एकदा चालवून बघणं पुरत नाही. एफआयओ (डिस्कवर भार टाकणारं साधन) जोरात चालू ठेवून सिसएफएसमधून (कर्नलच्या डिव्हाइसांच्या फाइली) अनबाइंड-बाइंड, म्हणजे ड्रायव्हर सोडणं-बांधणं, शंभर वेळा फिरव, केसॅन, लॉकडेप आणि केमेमलीक (मेमरीच्या, लॉकच्या आणि गळतीच्या चुका पकडणारे तपासनीस) लावून. प्रत्येक डिव्हाइसला प्रोब-रिमूव्ह-प्रोब करायला लावणारा डीबग पर्यायही आहे, बूट होतानाच पुष्कळ काही बाहेर काढतो. मेमरी मागणी मुद्दाम फसवणारं फॉल्ट इंजेक्शन लावून प्रोब पाड. एक मात्र ध्यानात घे: पीसीआयच्या सिसएफएसमधली "रिमूव्ह" फाइल म्हणजे कार्ड उपसणं नव्हे. तिथे डिव्हाइस जिवंत असतानाच रिमूव्ह येतं, त्यामुळे तुझं अडकणं त्यात दिसणारच नाही. दर वेळी हाताने उपसायचं नसेल तर वरच्या ब्रिजच्या लिंक कंट्रोल रजिस्टरमधला लिंक बंद करायचा बिट सेटपीसीआयने (पीसीआयचे रजिस्टर बदलणारी कमांड) लाव. कार्ड स्लॉटमध्येच राहतं, पण वाचायला गेलास की सगळे बिट एक.

राहिला म्यूटेक्स. तो कशासाठी होता हे तू लिहिलेलं नाहीस, पण नावावरून वाटतं रीसेट आणि रिमूव्ह एकाच वेळी येऊ नयेत म्हणून असावा. तसं असेल तर तो डेल-जेनडिस्कभोवती धरायचं कारण नाही. म्यूटेक्स घे, अवस्था "काढला जातोय" अशी बदल आणि लगेच सोड. रीसेटच्या वर्कने सुरुवातीला तीच अवस्था बघावी आणि कंट्रोलर काढला जात असेल तर वाटेतल्या रिक्वेस्ट चूक देऊन परत पाठवून निघून जावं. मग रिमूव्हमध्ये त्या वर्कला फ्लश कर आणि त्यानंतरच डिस्क काढायला जा.